प्रीमियम एआय फुकट! शंभर टक्के वर्किंग ट्रिक

विद्यार्थी मित्रहो, पैसे भरून एआय वापरतो तो विद्यार्थीच नव्हे. महिन्याला 20 डॉलर मोजायचे आणि वर अभ्यासही करायचा, एवढा भाबडेपणा या वयात शोभत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर हा सगळा प्रयोग करून दाखवला. त्यामुळे खाली सांगतोय ते अनुभवाचे बोल आहेत. अनुभव त्याचा, लॅपटॉप माझा.

सुरुवात व्हिडिओपासून करा. निवडताना एवढंच बघायचं की थंबनेलवरच्या माणसाचा जबडा उघडा आहे आणि बाण लाल आहे. चौदा मिनिटांपैकी अकरा मिनिटं तो सबस्क्राइब करायला सांगेल, ते निमूट करा. लिंक पहिल्या कमेंटमध्ये असते, कमेंटमधली लिंक टेलिग्रामवर नेते, टेलिग्रामवरची ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’वर नेते. तिथे सिग्नलचे खांब ओळखत बसा. एकेका खांबागणिक आपण ध्येयाच्या जवळ चाललोय असं वाटलं पाहिजे.

कंपनीच्या स्वतःच्या पानावर मात्र चुकूनही जाऊ नका. ऑफर कुणाला, कुठल्या देशात, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं तिथे सरळ लिहून मजा घालवलेली असते. चॅटजीपीटी प्लस, म्हणजे चॅटजीपीटीची पैसे भरायची आवृत्ती, विद्यार्थ्यांना फुकट मिळालं होतं हे खरंच आहे: 2025 मध्ये, अमेरिका आणि कॅनडातल्या कॉलेजच्या मुलांना, मे अखेरपर्यंत. व्हिडिओवाल्याच्या कॅलेंडरात तो मे अजून चालूच आहे. तुम्ही व्हीपीएन, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असं भासवणारं सॉफ्टवेअर, लावा आणि अमेरिकेला निघा.

तिथलं ओळखपत्र लागेल. ते एआयकडूनच बनवून घ्या. फोटो तुमचा, शिक्का परक्या विद्यापीठाचा, आणि ‘युनिव्हर्सिटी’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. स्वतःच्या कॉलेजचं खरं ओळखपत्र खिशात असतं ते असू द्या, ते लायब्ररीत दाखवायला ठीक आहे.

ईमेल पत्ता दहा मिनिटांत नाहीसा होणारा घ्या. वर्षभराची वर्गणी त्यावर सुखरूप राहते.

कार्ड मामाचं. ट्रायल रद्द करायची तारीख कुठेही लिहून ठेवू नका.

किंवा मग चाळीस जणांत मिळून एक अकाउंट घ्या. उघडलंत की डाव्या बाजूला कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, कुणाचा तरी राजीनाम्याचा मसुदा, कुणाचं तरी माफीपत्र वाचायला मिळतं. तुमचंही ते वाचतातच. मग एक दिवस चाळिसातला एक जण पासवर्ड बदलतो आणि बाकी 39 जणांना सहकाराचा अर्थ कळतो.

आता मुख्य पायरी: फाइल उतरवून घेणे. ती झिप असते आणि तिला 1234 असा पासवर्ड असतो. का असतो? अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. तरीही कुरकुर झालीच, तर पुढची सूचना तयारच आहे: अँटिव्हायरस बंद करा. भाच्याने केला. ज्या मुलाला खोलीतला दिवा बंद कर म्हणून तीनदा सांगावं लागतं, त्याने एका अनोळखी माणसाच्या एका ओळीवर माझ्या लॅपटॉपचा पहारा उठवला! सेटअपवर क्लिक केलं, काळी खिडकी लुकलुकली आणि गायब झाली. ‘मामा, हे चालतच नाहीये’ म्हणत त्याने आणखी चारदा क्लिक केलं. चालत होतं रे बाबा. तुझ्या डोळ्यांदेखत चालत होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करून घेऊन चाललं होतं. कुकी म्हणजे आत शिरलेल्या माणसाच्या हातावरचा शिक्का. तो चोराकडे गेला की त्याला पासवर्डही नको आणि माझ्या फोनवर येणारा ओटीपीही नको. टू-स्टेप लावलंय म्हणून मी आपला निर्धास्त!

रात्री दोन वाजता माझ्या फेसबुकवरून माझ्या जुन्या साहेबांना मेसेज गेला: ‘प्रीमियम एआय एक वर्ष फ्री! मला मिळालं, तुम्हीपण क्लेम करा.’ पुढे तीन रॉकेटं. निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत त्यांना. तोच मेसेज आत्याला, तोच भाच्याच्या मुख्याध्यापकांना. अकाउंट परत मिळवायला चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत ज्यांना ज्यांना फोन करून ‘तो मी नव्हेच’ म्हणून सांगितलं, त्यातल्या तिघांनी विचारलं, ‘मग खरी लिंक कुठली?’

आणि यात नवीन काहीही नाही. चॅटजीपीटी येऊन चार महिने होत नाहीत तोच, मार्च 2023 मध्ये, त्याच्या नावाचं खोटं क्रोम एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) फेसबुक अकाउंटं पळवताना सापडलं होतं. तेव्हापासून नाव बदलतं, लोगो बदलतो, झिप तीच.

बरं, हे सगळं कशासाठी? मी विचारलं. तर बारा पानांच्या पीडीएफचा सारांश हवा होता. बारा पानं! एवढं काम कुठल्याही चॅटबॉटची फुकट आवृत्ती करते. आपण दिलेली कागदपत्रं वाचून उत्तरं देणारं गूगलचं नोटबुकएलएम तर फुकटात एका नोटबुकमध्ये 50 स्रोत घेतं. कोडिंग करणारा असशील तर गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर खरं ओळखपत्र दाखव, पडताळणी झालेल्या विद्यार्थ्याला कोपायलट हा कोड लिहायला मदत करणारा एआय पैसे न भरता मिळतो. लॅपटॉप बरा असेल तर ओलामा हे मोफत सॉफ्टवेअर टाकून खुली, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणारी, एआय मॉडेल्स घरच्या घरी चालव, लॉगिनसुद्धा लागत नाही. यातल्या एकाला तरी लाल बाण लागतो का? पण नाही. रांगेत उभं राहायला लाज वाटते आणि मागच्या खिडकीतून उडी मारायला पराक्रम वाटतो. फुकट आवृत्तीची मर्यादा एकदा तरी गाठली होतीस का रे? एकदा? बारा पानं वाचायला अर्धा तास लागला असता. तू सहा तास लिंका शोधत बसलास, आणि सारांश अजूनही झालेला नाही.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. वर्षभर फुकट म्हणत कार्ड आधी मागून घेतात, कारण पुढच्या वर्षी तुला सवय लागलेली असणार आणि तारीख आठवत नसणार. तो सापळा निदान बारीक अक्षरांत लिहिलेला तरी असतो, वाच की. आणि व्हिडिओवाल्या दादा, तू ती फाइल स्वतःच्या मशीनवर एकदा तरी उघडलीस का? नाही ना उघडलीस?

आणि भाचेबुवा, तुझ्या खात्याला काही झालं नाही म्हणून हसू नकोस. त्या दिवशी त्याच ब्राउझरमध्ये तूही लॉगिन केलेलं होतंस. दुसऱ्या मशीनवरून सगळ्या डिव्हाइसवरचं लॉग आऊट कर आणि पासवर्ड बदल. आत्ता. माझी माफी नंतर माग.