‘दगडामुळेच पाणी जड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा सरला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: नदीचं पाणी जड (क्षारांमुळे कठीण) होतं ते आपल्या विदर्भातल्या काळ्या दगडामुळे, दगड कोट्यवधी वर्षं झिजतोच आहे, त्यात माणसाचा हात नाही, दगड झिजताना हवेतला कार्बन शोषला जातो, म्हणून जड पाणी पर्यावरणाच्या फायद्याचं, आणि उन्हाळ्यात क्षार वाढतात ते फक्त पाणी आटल्यामुळे.

‘काळ्या दगडामुळे’

अर्धं खरं. पश्चिम विदर्भाचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्यात उतरतं. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला, खारटपणाही मुळातलाच. पण वणी-चंद्रपूरकडे चुनखडक, वाळूखडक आणि कोळसा आहे, भंडारा-गोंदियाचा दगड आणखी वेगळा. सगळ्या विदर्भाचं खापर एका काळ्या दगडावर फोडता येत नाही.

‘माणसाचा हात नाही’

मेसेजची खरी गफलत इथे आहे. दगड नुसत्या पाण्याने फारसा विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. निसर्गात हे काम कार्बनिक आम्ल करतं: मुळं आणि जिवाणू मातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो मुरत्या पाण्यात मिसळतो. हे आम्ल सौम्य. आपण त्यात दोन तीव्र आम्लांची भर घातली आहे.

पहिलं नायट्रिक, युरियातून येणारं. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतं. युरियाचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या टप्प्यावर आम्ल सुटतं. गोणीतलं सगळं नत्र नायट्रेट होऊन मुळांखाली वाहून गेलं, तर ते आम्ल मारायला सुमारे 74 किलो चुनखडी खर्ची पडते. ही कमाल मर्यादा आहे. पीक जेवढं नायट्रेट उचलतं तेवढं आम्ल तिथेच मिटतं. शिवाय सामू (pH) 8 च्या वर असलेल्या वावरात उघड्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. पण पऱ्हाटीला खत दिल्यावर झड लागली, तर बरंच नायट्रेट खाली उतरतं आणि चुनखडीतलं कॅल्शियम सोबत घेऊन विहिरीत, नाल्यात येतं.

यावर कास्तकार म्हणतात, ‘माती परीक्षणात सामू तर तोच आहे.’ तो तोच राहतो, कारण चुनखडी त्याची किंमत चुकवत असते. ढेकळातल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळून पाहा, फेस येतो. मातीत हेच घडतं, फक्त दिसत नाही.

दुसरं गंधकाम्ल. कोळशासोबत पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज येतं. जमिनीत दबलेलं असेपर्यंत ते गप्प असतं; खाणीतून निघून ढिगाऱ्यावर पडलं की हवा-पाण्याने गंजतं. 1 किलो पायराइट पूर्ण गंजलं तर सुमारे 1.6 किलो गंधकाम्ल तयार होतं. पाण्यात ते सल्फेट म्हणून दिसतं.

‘जड पाणी पर्यावरणाच्या फायद्याचं’

कार्बनिक आम्लाने बसाल्ट झिजतो तेव्हा हवेतला कार्बन पाण्यात बायकार्बोनेट होऊन बांधला जातो, इथवर बरोबर. नायट्रिक किंवा गंधकाम्लाने दगड झिजला तर हवेतलं काहीच शोषलं जात नाही. त्या आम्लाने चुनखडी पुरती विरघळवली तर उलट तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. लिंबाचा फेस तोच.

‘फक्त आटल्यामुळे’

पाणी आटलं तर क्लोराइड आणि सल्फेट एकाच पटीत वाढायला हवेत. कॅल्शियम तर थोडं कमीच वाढेल, कारण त्याचा चुना तळाला बसतो. नोव्हेंबर ते मे क्लोराइड दुप्पट आणि सल्फेट चौपट झालं असेल, तर सल्फेट कुठून तरी येतं आहे. क्लोराइडच जास्त वाढलं असेल तर आधी गावाच्या सांडपाण्याच्या नालीकडे बघा.

विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिला एका ठरावीक आकड्याने गुणतो. कोणता क्षार आहे ते सांगत नाही. प्रयोगशाळेतून एकूण कठीणपणा (जडपणा), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारण्याची ताकद), नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइड काढून घ्या. पहिले दोन आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात असतात, म्हणून सरळ वजा करता येतात. उरतो तो उकळूनही न जाणारा जडपणा.

समजा कठीणपणा 350 आणि अल्कलिनिटी 225 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. फरक 125. सगळे आकडे एकाच मापात आणायला प्रत्येकाला त्याच्या ठरावीक आकड्याने भागायचं. फरकाला 50 ने भागा: 2.5. आता नायट्रेट 62 असेल तर त्याला 62 ने भागा: 1. सल्फेट 72 असेल तर 48 ने: 1.5. बेरीज 2.5, म्हणजे उकळूनही न जाणारा जडपणा या दोन आम्लांच्या खात्यात बसतो. यातलं 62 नायट्रेट पिण्याच्या पाण्याची 45 ची मर्यादाही ओलांडतं. सल्फेट जिप्समातूनही (कॅल्शियम सल्फेट) येऊ शकतं. वावरात जिप्सम टाकत असाल तर ते धरून चला. बेरीज फरकाहून कमी भरली तर क्लोराइड पाहा. अल्कलिनिटी कठीणपणाहून जास्त निघाली तर पाणी सोडियमचं आहे. खारपाणपट्ट्यात असं होतं आणि तिथे ही वजाबाकी चालत नाही.

नमुना धुण्याच्या घाटाच्या वरच्या बाजूने, धारेच्या मधून, वीतभर खालून घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, सावलीत थंड ठेवा आणि 24 तासांत पोचवा. अर्धी भरलेली बाटली उन्हात राहिली तर चुना आतून चिकटतो आणि कठीणपणा व अल्कलिनिटी दोन्ही सारखेच घटतात. वजाबाकी टिकते, पण शेवाळ नायट्रेट खाऊन टाकतं, म्हणून तो आकडा धरू नका.