फांदीबरोबर खानदान मोफत

नर्सरीतून आणलेलं रोप मेलं तर माणूस कुंडी रिकामी करतो आणि विषय संपतो. नात्यातून आलेली फांदी मेली तर चौकशी समिती बसते. पाणी जास्त झालं की कमी, ऊन कुठल्या बाजूचं होतं, आणि मुख्य म्हणजे "तुला ते झाड आधीपासूनच आवडत नव्हतं ना?"

माझ्या गच्चीत विकतचं झाड औषधालाही नाही. सगळी आलेली आहेत. जास्वंद आत्याकडची, सोनेरी काठाचं स्नेक प्लांट मावशीकडचं, ब्रह्मकमळ काकांचं. कुठल्या कुंडीपुढे उभं राहून कोणाबद्दल काय बोलायचं नाही, हे मला पाठ आहे.

फांदी देण्याचा एक थाट असतो. देणारी व्यक्ती आधी "कशाला, तुझ्याकडे जगायचं नाही" म्हणते. मग कात्री शोधते. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती वीतभर काडी हातात ठेवताना आवाज खाली आणून सांगते, "ही साधी जास्वंद समजू नकोस हं. ही आईच्या हातची आहे." आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आजीने ही जास्वंद माहेरून आणली. आजोबांच्या प्रत्येक बदलीत ती कुंडी आगगाडीत आजीच्या मांडीवर होती आणि तेव्हाचं बाळ, म्हणजे काका, शेजारच्या बाईंच्या मांडीवर. काकांना हा इतिहास मान्य नाही. त्यांच्या मते माहेरबिहेर सगळं झूट. आजोबांनी ती फांदी साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणावरून रात्री तोडून आणली. दोघंही हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. पैकी काका तेव्हा रांगत होते आणि आत्याचा जन्म व्हायचा होता. त्यामुळे रोज सकाळी मी माहेरच्या झाडाला पाणी घालते की चोरीच्या मालाला, याचा निकाल अजून लागायचा आहे. चोरून आणलेली फांदी हमखास जगते असं म्हणतात. ते खरं धरलं तर जास्वंदीची तब्येत काकांच्या बाजूने साक्ष देते.

खरं तर फांदी जगण्यामागे पुण्याई कमी आणि व्यवहार जास्त असतो. पेराच्या जरा खाली तिरका काप घ्यायचा, खालची पानं काढायची, वरची मोजकी ठेवायची. कारण मुळं नसताना पानं मात्र पाणी उडवतच राहतात. शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं, कापाजवळ साचतं आणि तिथे मुळं फुटतात. म्हणून खालचं टोक खालीच हवं. उलटी खोचलेली काडी बहुधा वाळूनच जाते. सावली, ओलसर हवा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात न लावणं. या शेवटच्या कलमाशी आमच्या घराण्याचं वाकडं आहे. काका आले की चपला काढायच्या आधी कुंडीकडे जातात, फांदी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढतात आणि विचारतात, "धरलं का गं?"

धरलं होतं, काका. आत्ताच सोडलं.

एकदा मला विज्ञानाची उबळ आली. मी आत्याला म्हटलं, "अगं, फांदीपासून केलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नसतंच मुळी. बी रुजवलं तर ते मूल, त्यात दोघांचं रक्त. फांदी म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या कुंडीत." माझा हेतू शुद्ध होता. "मूळ झाड माझ्याकडे, तुम्हां सगळ्यांकडे त्याची पिल्लं" हे तिचं पालुपद एकदाचं बंद पडावं, एवढाच. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग गच्चीत जाऊन आली. "म्हणजे आईने लावलेलं झाड, तेच्या तेच, तुझ्याकडे आहे," ती म्हणाली, "आणि तू त्याला मावा लागू दिलास?"

तेव्हापासून मी विज्ञान जपून वापरते.

या 'तेच झाड' प्रकरणाचं टोक पाहायचं तर दक्षिण आफ्रिकेत जावं लागेल. तिथल्या एका जंगलात १८९५ साली जॉन मेडली वूड या वनस्पतिशास्त्रज्ञांना एका जातीचं सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं झाड, सापडलं. एकटंच, आणि नर. जगभरच्या उद्यानांत आज त्या जातीची जी झाडं आहेत ती सगळी त्याच्याच बुडाशी आलेल्या फुटव्यांची, म्हणजे सगळी तोच एक. मादी आजतागायत मिळालेली नाही. अलीकडे ड्रोन उडवूनही शोधून झालं. सव्वाशे वर्षं स्थळं बघणं चालू आहे आणि नवरामुलगा एकाच वेळी इतक्या उद्यानांत वाट बघत उभा आहे. ही हकीकत मी घरात सांगितलेली नाही. मावशी लगेच फोन हातात घेईल.

मावशीचं आणि माझं आधीच बिनसलंय, ते स्नेक प्लांटवरून. तिच्या रोपाच्या पानांना सुरेख पिवळे काठ आहेत. मी गड्डा मागितला. मावशीने सढळ हाताने एका पानाचा तुकडा दिला. पानाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात हे खरंच, पण तो पिवळा काठ पेशींच्या वेगळ्या थराची करामत असते आणि तुकड्यातून येणारं नवं रोप ती उचलत नाही. काठ हवा तर गड्डाच फोडून द्यावा लागतो. यथावकाश माझ्याकडे ठार हिरवी पानं वर आली. मावशीने चष्मा लावून पाहिली आणि जाहीर केलं, "हे माझं नव्हे. तू बदललंस." आता नात्यात माझी ओळख रोप बदलणारी अशी आहे.

ब्रह्मकमळाचा ताप वेगळा. ते रात्री उमलतं आणि उजाडायच्या आत मान टाकतं, त्यामुळे ज्याच्याकडे उमलेल तो त्या रात्री सगळ्या शाखांना फोन करतो. काका म्हणतात, हे पणजोबांनी हिमालयातून पायी आणलं. वस्तुतः हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळंच, उंचावरच्या थंडीत वाढणारं. आपण कुंडीत लावतो तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. त्याची पानंसुद्धा पानं नव्हेत, चपटी खोडं. पण पणजोबा पायी मेक्सिकोला गेले होते, हे काकांना सांगण्याचं धाडस माझ्यात नाही.

रोपं वाटत सुटायची ही सवय फक्त आमचीच, असा माझा समज होता. पण जर्मन कवी गटे पानफुटीच्या इतका प्रेमात होता, की तिची पानं आणि पिल्लं मित्रमंडळींना पाठवत असे. पानफुटीच्या पानाच्या कडेला कडेला नवी रोपं येतात आणि ती जिथे पडतात तिथे राहतात. त्या मित्रांच्या कुंड्यांची मला कल्पना करवते. एवढा मोठा कवी, फेकणार कसं? आणि १९४०च्या दशकात आग्नार एस्पेग्रेन हे नॉर्वेचे मिशनरी चीनमधून परतताना नाण्यासारख्या गोल पानांचं एक रोप घेऊन आले. त्याची पिल्लं ते ओळखीपाळखीत वाटत राहिले, त्या ओळखीच्यांनी पुढे वाटली, आणि दुकानाची पायरी न चढता ते रोप नॉर्वेभर आणि शेजारच्या देशांतही खिडक्याखिडक्यांत जाऊन बसलं. ब्रिटनमध्ये पोचल्यावर क्यू उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचं नाव शोधताना हैराण झाले. पायलिया पेपरोमिऑइड्स, हे एकदाचं सापडलं. नॉर्वेतल्या एखाद्या आत्याला विचारलं असतं, तर नाव नाही, पण कोणी कोणाला कधी दिलं आणि कोणाकडे मेलं, हे घडाघडा कळलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आत्याची जास्वंद गेली. मूळची. आठवडाभर तिने कोणाला कळू दिलं नाही. मग एका दुपारी आली, इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "तुझी जरा फार वाढलीय. छाटून देते." छाटलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या चार जाड काड्या पिशवीत गेल्या. मी "ओलं फडकं देऊ?" विचारलं. तिने ते घरूनच आणलं होतं.

चारांतल्या तीन जगल्या. परवा तिचा फोन आला, मूळ झाडाला पहिलं फूल आलंय म्हणून. मी म्हटलं, माझ्या झाडाला छाटल्यापासून एक कळीसुद्धा नाही.

"येईल हो," आत्या म्हणाली, "लहान आहे ते अजून."