वूफर जळतो तो ॲम्प्लिफायर लहान असल्यामुळे नव्हे

गाडीत सबवूफर, म्हणजे खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर, बसवू पाहणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे आणि माझ्याकडेही तो निदान चार जणांनी पाठवला. त्यात चार विधाने आहेत. पहिले, कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर वूफर जाळतो, म्हणून वूफरच्या खोक्यावर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट ताकदीचा ॲम्प घ्यावा. दुसरे, ओम (वूफरचा विद्युत रोध) जितके कमी तितकी ताकद जास्त, म्हणून जोडणी नेहमी कमीत कमी ओमवर करावी. तिसरे, गेन (ॲम्पवरचा एक स्क्रू) हा ॲम्पचा आवाज आहे, तो पूर्ण उघडावा. चौथे, हेडलाइट मंद होऊ लागले तर कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावावा, मग बॅटरीची काळजी नको. चारही विधानांत खऱ्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ती लोकांना पटतात. पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर काय होते, ते मी माझ्या मावसभावाच्या गाडीत पाहिले आहे.

त्याचा वूफर १० इंची, दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे वूफरमधले तारेचे वेटोळे), प्रत्येक कॉइल ४ ओमची, आरएमएस, म्हणजे सातत्याने पेलणारी ताकद, ३०० वॉट. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत १३०० वॉट छापलेले होते. ॲम्प ४ ओमवर ३०० आणि २ ओमवर ५०० वॉट आरएमएस देणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा. दुकानदाराने दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, गेन शेवटपर्यंत फिरवला आणि दोन महिन्यांनी एका रात्री डिकीतून जळक्या वार्निशचा वास येऊ लागला. वूफर काढून त्याचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, हाताने दाबला तेव्हा तो अडखळत, खरखरत आत गेला. कॉइलच्या तारेवरचा मुलामा जळून ती फुगली होती आणि चुंबकाच्या फटीत घासत होती.

वूफरची कॉइल उष्णतेने जळते आणि उष्णता ठरते ती कॉइलमध्ये सातत्याने किती वॉट जातात यावर. आरएमएसचा आकडा हे सातत्य सांगतो. खोक्यावरचा 'मॅक्स' आकडा क्षणिक शिखराचा असतो आणि तो मोजण्याची सर्वांना बांधील अशी पद्धत नाही. ॲम्पसाठी निदान सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) हे अमेरिकी उद्योग संघटनेचे मानक आहे, ज्यात १४.४ व्होल्टवर, ४ ओमच्या भाराला, १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होता मिळणारी ताकदच मोजली जाते. ज्या ॲम्पवर हा उल्लेख आहे, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यास आधार आहे.

मग लहान ॲम्पने वूफर जळाल्याचे अनुभव खोटे आहेत का? नाहीत, पण त्यांचे कारण वेगळे आहे. ॲम्पला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले की आवाजाची लाट वरून आणि खालून छाटली जाते, आपण ज्याला आवाज फाटणे म्हणतो ते हेच. पूर्ण छाटलेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या जवळजवळ दुप्पट ताकद असते. म्हणजे २५० वॉटचा ॲम्प सतत फाटत राहिला तर तो ५०० वॉटच्या घरात जाऊ शकतो आणि ३०० वॉटचा वूफर जाळू शकतो. पण १०० वॉटचा ॲम्प कितीही फाटला तरी २०० वॉटच्या आसपासच थांबेल आणि तोच वूफर फाटक्या आवाजासकट सुखरूप राहील. ताकद कमी असणे हा दोष नाही, मर्यादा ओलांडून वाजवत राहणे हा आहे. त्यावर दुप्पट ताकदीचा ॲम्प हा उपाय सांगणे म्हणजे तीच उष्णता दुसऱ्या दाराने आत घेणे होय, आणि ही दुप्पट १३०० च्या आकड्यावरून काढली तर २६०० वॉटच्या ॲम्पवर जाऊन पोहोचते. ॲम्पची आरएमएस ताकद, प्रत्यक्ष जोडणीच्या ओमवर, वूफरच्या आरएमएसच्या आसपास असावी. थोडी कमी किंवा थोडी जास्त असल्याने बिघडत नाही.

शिवाय दुप्पट ताकदीने मिळते काय, हेही पाहावे. ३०० वरून ६०० वॉटवर गेल्यास आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यापेक्षा ३ डेसिबल अधिक संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच ताकदीत जास्त आवाज देणारा, वूफर निवडला तर निम्म्या ॲम्पमध्ये तेच काम होते, आणि कंपनीने सांगितलेल्या मापाची पेटी नीट बंदिस्त बनवून घेतली तर त्याहूनही जास्त फरक ऐकू येतो.

ओमचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते अर्धे बरोबर आहे. ओम कमी झाले की ॲम्पमधून जास्त प्रवाह वाहतो आणि ताकद वाढते, हे खरे. पण ती वाढलेली ताकद वूफरला पेलते का आणि तो प्रवाह ॲम्पला पेलतो का, हे दोन प्रश्न संदेशात गाळले आहेत. ४ ओमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओम, एकामागोमाग जोडल्या तर ८ ओम होतात. त्यातून ४ ओम कधीच मिळत नाहीत. त्यामुळे मावसभावाच्या ॲम्पसमोर पर्याय दोनच होते, एक तर २ ओमवर ५०० वॉट, नाही तर ८ ओमवर जेमतेम १५० च्या आसपास. हा निर्णय वूफर विकत घेतानाच घ्यायचा असतो. २ ओमच्या दोन कॉइलचा तोच वूफर घेतला असता तर त्या एकामागोमाग जोडून ४ ओम झाले असते आणि ॲम्पने नेमके ३०० वॉट दिले असते.

चार चॅनेलच्या ॲम्पमध्ये तर आणखी एक मेख आहे. त्याचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफर लावला की प्रत्येक चॅनेलला भार निम्मा दिसतो, ४ ओमचा वूफर त्याला २ ओमचा वाटतो. म्हणून बहुतेक अशा ॲम्पना ब्रिज केल्यावर ४ ओमखाली जाण्याची परवानगी नसते, आणि २ ओमचा वूफर लावला की प्रोटेक्शनचा दिवा लागून आवाज बंद पडतो. जोडणी तपासताना मल्टिमीटर लावला आणि ४ ओमच्या कॉइलवर ३.४ असा आकडा दिसला तर घाबरू नये. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो आणि तो लिहिलेल्या ओमपेक्षा थोडा कमीच असतो.

गेन म्हणजे आवाज नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल २ व्होल्टचा आहे की ४ व्होल्टचा, त्याप्रमाणे ॲम्पचे प्रवेशद्वार जुळवून घेण्याचा तो स्क्रू आहे. तो पूर्ण उघडला की स्टिरिओचा आवाज अर्ध्यावर असतानाच ॲम्प आपली मर्यादा गाठतो आणि उरलेला अर्धा भाग फक्त फाटण्यात जातो. तो बसवण्याची साधी रीत अशी: बास बूस्ट शून्यावर ठेवावा, इक्वलायझर सपाट करावा, वूफरची तार ॲम्पपासून सोडवावी, स्टिरिओचा आवाज पाऊण मापावर नेऊन ५० हर्ट्झचा एकसारखा सूर वाजवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावावा. वॉट आणि ओम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हवे ते व्होल्ट मिळतात. ३०० वॉट आणि ४ ओमसाठी ते ३४.६ येते. आम्ही पार्किंगमध्ये डिकी उघडून हे केले तेव्हा स्क्रू जेमतेम एक तृतीयांश फिरला होता आणि मीटर ३४.६ वर पोहोचला होता. मीटरला लाट छाटली गेली आहे की नाही हे दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. पण गेन पूर्ण उघडण्याच्या तुलनेत ही पद्धत कितीतरी सुरक्षित आहे.

कॅपॅसिटरबद्दल थोडे गणित पुरे आहे. १ फॅरडचा कॅपॅसिटर १४.४ वरून १२.४ व्होल्टवर येईपर्यंत सुमारे २७ ज्यूल ऊर्जा देतो. ८० टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प ५०० वॉट देताना सेकंदाला ६२५ ज्यूल मागतो, म्हणजे ही पुंजी सेकंदाच्या पंचविसाव्या भागातच संपते. ४० हर्ट्झच्या बासच्या दोन लाटाही तेवढ्यात पुऱ्या होत नाहीत. त्यानंतर तो रिकामा कॅपॅसिटर पुन्हा भरण्याचे काम गाडीच्या त्याच अल्टरनेटरवर (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावर) पडते. हेडलाइट मंद होत असतील तर आधी तार, अर्थिंग आणि बॅटरी पाहावी, आणि अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते वाचावे. ५०० वॉट देण्यासाठी ॲम्पला वरचेच ६२५ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर लागतात. ८ गेजच्या (गेज हे तारेच्या जाडीचे माप) शुद्ध तांब्याच्या ५ मीटर तारेत एवढ्या प्रवाहाला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. स्वस्त किटमधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यात हीच घट साधारण दीडपट होते. मावसभावाच्या गाडीत नेमकी तीच तार निघाली, आणि तिचा फ्यूज डिकीत ॲम्पशेजारी लावलेला होता. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. डिकीत लावला तर बोनेटपासून डिकीपर्यंतची सगळी तार उघडी राहते आणि कुठे पत्र्याला घासली तर आग लागेपर्यंत बॅटरी तिला प्रवाह पुरवत राहते.

आम्ही ॲम्प बदलला नाही. २ ओमच्या दोन कॉइलचा ३०० वॉटचा वूफर आणून तो ४ ओमवर जोडला, शुद्ध तांब्याची ८ गेज तार ओढली, बॅटरीशेजारी ४० अँपिअरचा फ्यूज बसवला, आणि आधी लावलेला कॅपॅसिटर काढून ठेवला. आता पूर्ण आवाजातही त्या गाडीचे हेडलाइट मंद होत नाहीत.