पॅट्रिक मूळचा कुठला?

काल सदाशिव पेठेतल्या एका दाताच्या दवाखान्यात दाढ दाखवून आलो. दाढ आता शांत आहे. ठणकतंय ते दुसरंच.

बाहेर टीव्हीवर लहान मुलांसाठी म्हणून हिंदीतला ‘स्पंजबॉब’, म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या एका स्पंजाचं कार्टून, लावून ठेवला होता. लहान मूल एकही नव्हतं. मी होतो, आणि कापडी पिशवी मांडीवर उभी धरून बसलेले एक काका. एपिसोड नेमका माझ्या आवडीचा, २००१ सालचा. पॅट्रिकचे आईवडील त्याला भेटायला येणार असतात. पॅट्रिक म्हणजे स्पंजबॉबचा जिवलग, गुलाबी, ढेरपोट्या तारामासा. आईबापांसमोर आपण मठ्ठ दिसू नये म्हणून तो स्पंजबॉबला आपल्याहून मठ्ठ वागायला सांगतो, आणि थोड्या वेळाने हे नाटक आहे हेच विसरून त्यालाच अक्कल शिकवायला लागतो. मी दाढ दाबून हसलो. काका वळले.

“हा गुलाबी कोण?”

“पॅट्रिक. पॅट्रिक स्टार.”

“स्टार हे आडनाव?”

“हो. तारामासा आहे ना तो.”

“ते दिसतंय. मूळचे कुठले?”

“समुद्रातले.”

“समुद्र मोठा आहे.”

मी ‘बिकिनी बॉटम’ म्हणालो. रिसेप्शनवरच्या ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गावाचं नाव आहे हो ते, असा खुलासा मी केला. त्याने प्रकरण आणखी बिघडलं.

काकांचं लक्ष मात्र विचलित झालं नव्हतं. “राहतो कुठे?”

“१२०, काँच स्ट्रीट. दगडाखाली.”

“दगड स्वतःचा की भाड्याचा?”

“स्वतःचाच असावा.”

“काम काय करतो?”

“विशेष काही नाही.”

“म्हणजे वडिलोपार्जित,” काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना पॅट्रिकबद्दल आदर वाटल्याचं दिसलं.

तेवढ्यात शेवट आला. ते जोडपं पॅट्रिकचे आईवडील नसतातच. आपल्याला मुलगाच नाही, हे त्यांना सगळं झाल्यावर आठवतं आणि ते निघून जातात. मग खरे आईवडील दारात उभे. मी इतक्या वेळा पाहूनही हसलो. काका हसले नाहीत. ते ताठ बसले.

“नावगाव न विचारता आत घेतलं कसं?”

खरं तर मी इथेच थांबायला हवं होतं, पण दवाखान्यात वेळ जाता जात नाही. मी सांगून टाकलं की या एपिसोडमधले आईवडील हर्ब आणि मार्जी. पण २०२१ साली पॅट्रिकची स्वतंत्र मालिका आली, तिच्यात वडील सेसिल, आई बनी, वर धाकटी बहीण स्क्विडिना आणि आजोबाही.

“दोन आया, दोन बाप?”

“हो.”

काकांनी डोळे मिटले. मी समजलो, झोपले. पण ते हिशोब करत होते. “दत्तक गेला,” ते म्हणाले. “सरळ आहे. दगड दत्तक बापाचा. आमच्या आत्याच्या सासरी हेच झालं, वीस वर्षं कोर्टात होते.” मग आत्याच्या सासरची वाटणी, मधल्या चुलत्यांची सही, विहिरीतला हिस्सा. पॅट्रिकला त्यात कितवा वारस धरायचं, एवढंच राहिलं.

वास्तविक तारामाशाला कसलं घराणं? मादी लाखोंनी अंडी पाण्यात सोडते, नर वेगळं काम आटोपतो, अळ्या प्रवाहाबरोबर वाहत जातात. बापाने पोराला ओळखायचा प्रश्नच नाही. हे स्पंजबॉबच्या जन्मदात्याला, स्टीफन हिलेनबर्गला, पक्कं ठाऊक असणार. तो आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचा. मी काकांना ज्ञान दिलं की तारामाशाला मेंदूसुद्धा नसतो.

“मेंदू नसून स्वतःचं घर आहे,” काका म्हणाले. “तुमचं?”

आता हे जरा खाजगीतलं, पण सांगतो. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, मला जागा सोडायची आहे. त्यामुळे सध्या मी रोज कुणाला तरी फोन करतो आणि रोज तीच परीक्षा देतो. फॅमिली की बॅचलर? मूळ गाव? अंबाजोगाई म्हटलं की “अच्छा, मराठवाडा”. नॉनव्हेज? आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, आडनाव. आडनाव सांगितल्यावर फोनवर जी शांतता पसरते, ती मला आता ओळखू येते. एका बाईंनी तर दोनदा विचारून घेतलं आणि जागा आत्ताच गेली म्हणाल्या. ती जागा अजून ॲपवर आहे. स्वयंपाकघराचा नवीन फोटोही टाकलाय. भाडं मी महिन्याच्या महिन्याला देणार, खापरपणजोबा देणार नाहीत. पण चौकशी त्यांचीच.

म्हणून मला पॅट्रिक आवडायचा. दगड उचलला की पॅट्रिक. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि शेजारी स्पंजबॉब तक्रार करत नाही. (दुसरा शेजारी, स्क्विडवर्ड, करतो, पण तो सगळ्यांचीच करतो.) मग कुणाला काय सुचलं, त्याच्यामागे आई, बाप, बहीण, आजोबा असं सगळं गोत लावून दिलं. फॅमिली दाखवल्याशिवाय त्यालाही कुणी मालिका देईना वाटतं.

“भाड्याने राहतो. जागा शोधतोय,” मी म्हणालो.

“आमचा वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या. पाणी चोवीस तास.”

चोवीस तास पाणी! पेठेत! मी दाढ विसरलो.

“आडनाव काय म्हणालात?”

सांगितलं. काका भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

“हं. घरी कोण कोण?”

“मी एकटाच.”

काका एकदम मोकळे झाले. आता आडनावाचा विषय काढायची गरज उरली नव्हती. “मग अवघड आहे हो,” ते अगदी मायेने म्हणाले. “आम्हाला फॅमिलीच हवी.”

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. पिशवी सावरत ते उठले आणि दारातून वळून म्हणाले, “लग्न झालं की या. मुलीकडची माणसं कुठली, ते तेवढं आधी कळवा.”