ग्रीन, गो? मावशी, गणवेश निळा होता

घरच्या ग्रुपवर मावशीने परवा ‘शब्दांच्या जन्मकथा’ नावाचा एक फॉरवर्ड टाकला, लॅटिन अमेरिकेत परदेशी माणसाला म्हणतात त्या ‘ग्रिंगो’ या शब्दाबद्दल. असले फॉरवर्ड मी एरवी अंगठा दाखवून सोडून देतो. पण मावशीने तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे तिने पाठवलेलं घरात सगळ्यांना प्रमाण. त्यात तिचा मुलगा पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोत, ग्वादलाहाराला चाललाय. ‘कुणी ग्रिंगो म्हणालं तर शिवी दिली असं समज आणि तिथून निघ,’ असं तिने त्याला बजावलंसुद्धा. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्ड असा: १८४६ साली अमेरिकेने मेक्सिकोवर स्वारी केली. सैनिकांचे गणवेश हिरवे होते. गावकरी त्यांना बघून ओरडत, ‘ग्रीन, गो!’ म्हणजे हिरव्यांनो, चालते व्हा. त्याचं झालं ग्रिंगो. किंवा मग सैनिक ‘ग्रीन ग्रो’ असं काहीतरी गाणं म्हणत असत, त्यावरून. (जन्मकथाच सांगताय तर बाप एकच ठरवा की!) आणि तात्पर्य: हा शब्द फक्त अमेरिकनांसाठी, आणि तो शिवीच.

गणवेशाचं आधी उरकतो. त्या युद्धात अमेरिकेच्या खड्या फौजेचा रोजचा गणवेश आकाशी निळा होता. त्या काळच्या चित्रांत बघा, निळे डगले, निळ्या विजारी. हिरवं कुठून आणलं ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक. काहीजण गणवेशाऐवजी हिरवी डॉलरची नोट पुढे करतात. ती ‘ग्रीनबॅक’ नोट आली १८६१-६२ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या खर्चासाठी. मेक्सिकोचं युद्ध १८४८ मध्येच संपलं होतं.

दुसरं म्हणजे मेक्सिकोतला शेतकरी संतापला की इंग्रजीत का ओरडेल? हे मी ग्रुपवर विचारलं, तर मावशीचं उत्तर तयार होतं: ‘सायमन गो बॅक’ आपण इंग्रजीतच ओरडलो होतो ना? कबूल. १९२८ साली ओरडलो होतो, आणि हा मुद्दा तिने मला बरोबर अडकवला. पण तेव्हा इंग्रजी राज्य आणि इंग्रजी शाळा इथे कित्येक दशकं मुरलेल्या होत्या. मेक्सिकोतल्या खेड्यात १८४६ साली इंग्रजी कोण शिकवत होतं?

तेही जाऊ द्या. खरा पुरावा एकच आहे आणि तो पुरेसा आहे. एस्तेबान दे तेर्रेरोस इ पांदो नावाचे एक स्पॅनिश जेझुइट पाद्री होते. त्यांनी स्पॅनिशचा मोठा कोश रचला. १७६७ मध्ये स्पेनने जेझुइटांना हाकलल्यावर ते इटलीत गेले, १७८२ मध्ये तिथेच वारले, आणि कोश त्यांच्या मागे, १७८६ पासून छापला गेला. त्यात ‘ग्रिंगो’ची नोंद आहे. ज्या परदेशी माणसांच्या बोलण्यात असा काही हेल असतो की त्यांना सहज, नैसर्गिक स्पॅनिश बोलता येत नाही, त्यांना स्पेनमधल्या मालागात ग्रिंगो म्हणतात. आणि माद्रिदमध्ये हे नाव खास करून आयरिश लोकांना देतात, असा त्या नोंदीचा आशय. म्हणजे ज्या युद्धात हा शब्द ‘जन्मला’, त्याच्या ६४ वर्षं आधी वारलेल्या माणसाने तो कोशात नोंदवून ठेवला होता. शिवाय तिथे ना अमेरिकन, ना मेक्सिको, ना हिरवा रंग.

मग आला कुठून? बहुतेक अभ्यासक ‘ग्रिएगो’, म्हणजे ग्रीक, या शब्दाकडे बोट दाखवतात. न कळणाऱ्या बोलण्याला स्पॅनिशमध्ये ग्रीक म्हणायची जुनी रीत होती. ज्याचं बोलणं कळत नाही तो परका, हे आपल्याला नवीन वाटायला नको. संस्कृत धातुपाठात ‘म्लेच्छ’ धातूचा अर्थच अस्पष्ट बोलणं असा दिलाय. म्लेच्छ हा शब्द लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या लोकांनी ‘ग्रीन, गो’वर विश्वास ठेवावा, याची मला जास्त चीड आली.

युद्धाचा संबंध अगदीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. इंग्रजीत हा शब्द शिरला तो मेक्सिकोच्या वाटेनेच. पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑड्युबनचा मुलगा जॉन वुडहाउस ऑड्युबन १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात मेक्सिकोमार्गे कॅलिफोर्नियाला निघाला होता. वाटेत लोकांनी हुर्यो उडवली आणि ‘ग्रिंगो’ म्हटलं, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. युद्ध संपून एकच वर्ष झालं होतं, तेव्हा ते काही प्रेमाने म्हटलं नसणार. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

राहिलं तात्पर्य. फक्त अमेरिकनांसाठी? अर्जेंटिनात बोटी भरभरून इटालियन आले तेव्हा ग्रिंगो होते ते. ब्राझीलमध्ये कुठलाही परदेशी ग्रिंगो, त्यात आपणही आलो. मेक्सिकोत मुख्यतः अमेरिकन, हे खरं. पण शिवी की थट्टा की नुसतं वर्णन, हे म्हणणाऱ्याच्या सुरावर ठरतं. आपण ‘गोरा’ म्हणतो तेव्हा दर वेळी शिवी देतो का? मेक्सिकोत राहणारे अमेरिकन स्वतःलाही हसत हसत ग्रिंगो म्हणवून घेतात.

आणि मावशी, तुझ्या लेकाला तिथे ग्रिंगो म्हणतील ही शक्यता तशी कमीच. मेक्सिकोत भारतीय माणसाला सर्रास ‘इंदू’ म्हणतात, मग तो मुसलमान असो की ख्रिस्ती. शब्द हिंदूच, फक्त स्पॅनिशमध्ये ह चा उच्चार होत नाही. इंदू म्हणजे चंद्र, म्हणून मेक्सिकोचे लोक भारतीयांना चंद्रवंशी मानतात, हा फॉरवर्ड अजून आलेला नाही. आला तर कृपा करून आधी मला एकट्याला पाठव.