तोंड दाखव की जरा

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा मावसभावाने पुन्हा तेच टाकलं. "मास्कने काही होत नाही हे शेवटी सिद्ध झालं. दोन वर्षं उगाच तोंडं बांधून फिरलो, वर दोनशे-दोनशे रुपयांच्या पावत्या फाडल्या." खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या काकांचा, ज्यांचा दमा दर थंडीत उसळतो. मी सकाळी इथे तोक्योत, तोझाई लाइन या मेट्रोत दाटीवाटीने उभी होते, 'सुगी' नावाच्या झाडांच्या परागांच्या ॲलर्जीचे दिवस असल्याने निम्मा डबा मास्क लावून होता, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भावाचा सगळा भर जानेवारी २०२३ मधल्या कॉक्रेनच्या, म्हणजे वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यावर आहे. मी तो वाचलाय. आधीच्या प्रयोगांची एकत्र बेरीज केली, तर लोकांना मास्क लावायला सांगून फारसा फरक पडलेला दिसत नाही, असं त्यात म्हटलंय. पण लावायला सांगणं वेगळं आणि लावणं वेगळं. त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत लोकांनी तो धड लावलाच नव्हता. मार्चमध्ये कॉक्रेनच्याच मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी खुलासा केला, की 'मास्क निरुपयोगी' असा अर्थ काढणं चुकीचं आहे, निष्कर्ष अनिर्णित आहेत. हा खुलासा आमच्या ग्रुपवर कधी आला नाही.

बांगलादेशातला अभ्यासही आला नाही. सहाशे गावं, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढ माणसं, आपल्यासारखीच गर्दी, आपल्यासारखेच बाजार. तिथे मास्क फुकट वाटले, वापरायची आठवण करत राहिले, तेव्हा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. एवढ्यानेही सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह रक्ततपासणीत दिसलेला कोविड ११ टक्क्यांनी कमी निघाला, साठीपुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तेवढा स्पष्ट दिसला नाही, हेही खरं. पण साठीपुढचे म्हणजे कोण? आपले काका, आपली आई.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग इथल्याच तोक्यो विद्यापीठातला, २०२० चा. विषाणुतज्ज्ञ कावाओका यांच्या गटाने बंद पेटीत दोन पुतळ्यांची डोकी समोरासमोर ठेवली. एक खोकणारं, एक श्वास घेणारं, आणि मध्ये खरा विषाणू. श्वास घेणाऱ्याला कापडी मास्क लावला, तर आत जाणारा विषाणू २० ते ४० टक्क्यांनी घटला. तोच मास्क खोकणाऱ्याला लावला, तर निम्म्याहून जास्त अडला. एन-९५ ने श्वास घेणाऱ्याचंही ८०-९० टक्के रक्षण केलं. भाऊ विचारतो, मास्कने मला काय होतं? प्रश्न इथेच चुकतो. साधा मास्क आधी समोरच्यासाठी असतो.

मी हे लिहिलं की त्याचं उत्तर तयार असतं: "तुमचं अख्खं जपान मास्कमध्ये होतं, तरी ऑगस्ट २०२२ मध्ये आठवड्याला जगात सगळ्यात जास्त रुग्ण तुमच्याकडेच!" खरं आहे. ओमायक्रॉन होता, आणि इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसलं की मास्क सगळेच काढतात. मास्क लाट थोपवत नाही. ती हळू यावी, डॉक्टरांना श्वास घ्यायला वेळ मिळावा, एवढंच मी म्हणते. इथे मास्कसाठी दंड नव्हता की पोलीस नव्हता. १३ मार्च २०२३ ला सरकारने 'आता ज्याचं त्याने ठरवा' म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या डब्यात मला एकही उघडा चेहरा दिसला नाही. आपल्याकडे तेव्हा पोलीस दिसला की मास्क नाकावर, पोलीस गेला की हनुवटीवर. मग मास्कला बोल लावायचा.

"तुला काय, तू तिकडे बसून बोलतेस," हे त्याचं शेवटचं वाक्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कायमचं परत निघालेल्या एका ओळखीच्याबरोबर मी सांगलीला आईसाठी मास्कची दोन पाकिटं पाठवली होती. एप्रिलमध्ये आत्या गेली. ऑक्सिजनसाठी दोन दिवस फिरले सगळे. मे महिन्यात जपानने भारतातून येणारी दारं बंद केली, इथे राहायचा परवाना असलेल्यांनाही. गेले असते तर परतीची खात्री नव्हती. नोकरी होती, मुलीची शाळा होती. मी गेले नाही. हे मी ठरवून केलं.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा आईच्या कपाटात ती पाकिटं सापडली. पैठणीच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी, न फोडलेली. "एवढ्या लांबून पाठवलेलं, वापरून कशाला संपवायचं?" म्हणाली. दुसरी लाट तिने पदर नाकाला लावून काढली होती.

आणि गेल्या डिसेंबरचं सांगायलाच हवं. घसा खवखवत होता, म्हणून विमानतळापासून मास्क लावूनच होते. भाचीच्या केळवणाला मावशी म्हणाली, "अगं, तीन वर्षांनी आलीस, तोंड दाखव की जरा!" सगळे हसले. मी मास्क काढून पर्समध्ये टाकला. आकडे पाठ असलेल्या मी. परकी दिसायचं नव्हतं मला तिथे. तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला आणि माझं परतीचं विमान सुटेपर्यंत तो उतरला नव्हता. माझ्यामुळेच, असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. मला ते कुणी सांगायची गरजही नाही.

इथे गाडीत मला कुणी तोंड दाखव म्हणत नाही. पंधरा वर्षांत कुणी म्हणालेलं नाही.

काल आईचा व्हिडिओ कॉल आला. अजून थोडा खोकला आहे तिला. बोलता बोलता उबळ आली, तशी तिने मान वळवली, पदर तोंडावर धरला, आणि दुसऱ्या हाताने फोन लांब केला. मी साडेसहा हजार किलोमीटरवर होते.