माडीवर एक संडास

आज रविवार. सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली. दूधवाला कडी वाजवत नाही, पिशवी अडकवून जातो. त्यामुळे मला वाटलं, नात्यात कुणाचं तरी बरंवाईट झालं. तशीच गाऊनवर ओढणी टाकून जिना उतरले. दिंडी दरवाजा उघडून बघते तर गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक मुलगा, त्याच्यामागे पांढरी छत्री धरलेला दुसरा, आणि त्यांच्यामागे नऊवारी, नथ, चंद्रकोर असा सगळा जामानिमा केलेली मुलगी आणि फेटा बांधलेला तिचा होणारा नवरा. "काकू, प्री-वेडिंग आहे. दोनच मिनिटं. ते दोरीवरचे कपडे तेवढे काढता का? फ्रेममध्ये येतायत."

फ्रेममध्ये येत होते ते माझ्या सासूबाईंचे परकर. रात्री दोनला धुतलेले. का धुतले, ते सांगते. आज सांगतेच, कारण आज डोक्यात तिडीक गेलीय.

सासूबाईंना पंच्याऐंशी पूर्ण झाली. दोन्ही गुडघे बदललेले. आम्ही राहतो शनिवारवाड्याशेजारच्या एका जुन्या वाड्यात, माडीवर. संडास खाली, परसात. दोन संडास आणि पाच बिऱ्हाडं. मधे तेरा पायऱ्यांचा जिना, एकेक पायरी वीतभर उंच आणि पाऊल आडवं ठेवावं लागेल इतकी अरुंद. कठडा नाही, वरून दोर सोडलाय, तो धरून उतरायचं. म्हणजे रात्री उठायचं, त्यांना उठवायचं, मी दोन पायऱ्या पुढे उलटी उतरायची, त्या दोर धरून माझ्या खांद्यावर हात ठेवून येणार. मग चौक, हौदाला वळसा, परस. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ. भांडं देऊन पाहिलं. "मी अजून मेले नाही," म्हणाल्या. मग कधी कधी जिन्यातच होतं, आणि मग आम्ही दोघी त्या विषयावर एक अक्षरही न बोलता परकर धुतो.

तर ते हे परकर. काढा म्हणे, फ्रेममध्ये येतायत.

मला माडीवर एक संडास बांधायचाय. बस. मला टॉवर नको, बिल्डर नको, पार्किंग नको. माडीवर मागच्या बाजूला अडगळीची एक खोली आहे, चार बाय सहाची. भिंती आहेत, वर छप्पर आहे. त्यात एक भांडं बसवायचं आणि पाइप खाली सोडायचा. प्लंबर म्हणाला तीन दिवसांचं काम. त्याला तीन वर्षं झाली.

कारण काय, तर आमच्या दिंडी दरवाजापासून शनिवारवाड्याचा तट शहाऐंशी मीटरवर आहे. माझ्या मुलाने फीत लावून मोजलंय, दोनदा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत सगळा प्रतिबंधित भाग. त्यापुढचे २०० मीटर नियमनाखाली, तिथे निदान अर्ज करून बांधता येतं. आम्ही चौदा मीटरने चुकलो. हा नियम आला १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने. तरी पूर्वी खास परवानगीने काही काही व्हायचं. २०१० साली स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीही वाट बुजली. आता नवं बांधकाम केलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. संडासासाठी! सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "तुरुंगात तरी आतच असतो ना गं?"

बरं, दुरुस्तीला परवानगी आहे. कागदावर आहे. मात्र इमारत १६ जून १९९२ च्या आधीची असल्याचा पुरावा हवा. एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून तिथेच हेलपाटे घालायचेत) समोरच्या माणसाने मला हे शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, अहो, मातीच्या भिंती, कडीपाटाचं म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत, १९९२ नंतर कोण बांधतं असं? आमच्या ओसरीच्या खांबावर खूण आहे, १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी इथपर्यंत आलं होतं. सासूबाईंचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, त्या माडीवर बसून पाणी चढताना बघत होत्या. साक्षीदार जिवंत आहे, घेऊन येऊ? तो म्हणाला, खूण चालत नाही मॅडम, लाइट बिल आणा.

आणलं. घरपट्टीच्या पावत्या आणल्या, सिटी सर्व्हेचा उतारा आणला. मग गाडी अडली ती शब्दावर. संडास ही 'दुरुस्ती' की 'बांधकाम'? एक साहेब म्हणाले, असलेल्या खोलीत बदल म्हणजे दुरुस्तीच, होऊन जाईल. त्यांची बदली झाली. पुढचे म्हणाले, ही भर आहे, भर म्हणजे बांधकाम. मग मुलाने तो अख्खा कायदाच काढून वाचला. आणि त्यात काय निघालं माहितीये? 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्यात. गटारं आणि सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या वगैरे. म्हणजे शनिवारवाड्यापासून शहाऐंशी मीटरवर सार्वजनिक संडास बांधला तर ते बांधकामच नाही. माझ्या म्हातारीसाठी एक बांधला की झालं बांधकाम. मी त्या साहेबांना विचारलं, माडीवर 'सार्वजनिक शौचालय, पाच रुपये' अशी पाटी लावू का? ते हसले नाहीत. मीही गंमत करत नव्हते.

आणि कशाला म्हणून हे सगळं? शनिवारवाडा मला काय परका आहे? लग्न होऊन या वाड्यात आले त्याला तीस वर्षं झाली, रोज येता-जाता दिल्ली दरवाजा बघते, अजून छाती भरून येते. १७३२ साली वास्तुशांत झालेला वाडा. पण आतला लाकडी वाडा १८२८ च्या आगीत गेला हो! उरलेत ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना, आणि आत जोती, कारंजी, हिरवळ. त्या दगडी तटाला माझ्या कमोडच्या फ्लशने तडा जाणार आहे का? शेजारून शिवाजी रस्ता जातो. दिवसभर बसगाड्या घरघरत असतात, आमच्या मांडणीतली भांडी वाजतात. गणपतीत स्पीकरच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा आमच्या भिंतीतली माती अक्षरशः पोह्यांवर पडते. एका वर्षी देवळीतली समई खाली आली. तेव्हा स्मारकाला काही होत नाही. स्मारक फक्त मी पाइप टाकला की हादरतं.

आता कुणी म्हणेल, नियम तुमचा वाडा जपायलाच आहे ना! नाही. हे एकदा नीट ऐका, कारण दर वेळी मला हेच ऐकवलं जातं. आमचा वाडा स्मारक नाही. तो कुठल्याच यादीत नाही. त्याच्या डागडुजीला मला कुणी एक रुपया देत नाही. तो फक्त स्मारकाचा शेजारी आहे. नियम एवढंच म्हणतो की इथे नवं बांधायचं नाही. जुनं पडलं तर नियमाची काही हरकत नाही. दर जूनमध्ये इमारत धोकादायक असल्याची नोटीस दाराला चिकटते. तुमच्या जबाबदारीवर राहा, नाहीतर खाली करा. एक खातं म्हणतं हात लावू नका, दुसरं म्हणतं पडेल, निघा. आणि निघालो, वाडा पडला, तर १०० मीटरच्या आत तो पुन्हा उभा करता येत नाही. झाली मोकळी जागा! मग तिथे कोण गाड्या लावणार, ते आम्हाला आत्तापासून ठाऊक आहे, कारण गल्लीतल्या दोन वाड्यांच्या जागी तेच चाललंय. त्यातल्या एकाचे कोरीव खांब जुन्या बाजारात गेले. आता कुठल्याशा हॉटेलात उभे असतील, त्यांना टेकून लोक 'पेशवाई थाळी'चे फोटो काढत असतील.

दुरुस्तीचं म्हणाल तर तीही तोंडाचा खेळ नाही. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरची एक तुळई खचली. वाळवी. वरून सागवान धडधाकट दिसतं, बोट दाबलं की भुगा. सुतार शोधायला दोन महिने गेले. आजकालच्या मुलांना प्लाय कापता येतो, कडीपाट म्हटलं की ते छताकडे बघतात आणि मग आपल्याकडे. शेवटी एक म्हातारे मिस्त्री मिळाले, त्यांनी खाली लोखंडी चॅनेल देऊन तुळई उचलली. पंचेचाळीस हजार. मागच्या चौकात तर नुसते टेकू आहेत, लाकडी, तिरके. एका टेकूला पोरं क्रिकेटचा स्टंप म्हणतात.

पैसे कुठून आणायचे? वाड्यात चार भाडेकरू. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. साळुंके काकू गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दोन महिने डबा देत होत्या. पण भाडं? ४० रुपये. भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणजे पहिल्या वर्षी १ रुपया ६० पैसे. जिन्यातल्या बल्बचं बिलही त्यात भागत नाही. म्हणून मालकाने दुरुस्ती करायची नाही, भाडेकरूने जागा सोडायची नाही, आणि आमच्या उताऱ्यावर अकरा हिस्सेदार, त्यातले तीन अमेरिकेत. त्यातल्या एका चुलत दिरांचा दर दिवाळीला फोन येतो. "वहिनी, वाडा मात्र विकायचा नाही हं! आपलं मूळ आहे ते." मूळ आहे, खरंय. त्यांच्याकडे घरात साडेतीन बाथरूम आहेत. अर्धी बाथरूम कशी असते, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग हे रविवार. हेरिटेज वॉकवाले परवडले, ते निदान चप्पल काढून ओसरीवर येतात. पण त्यांचा तो गाईड! आमच्या हौदाकडे बोट दाखवून सांगत होता, इथून भुयार थेट पर्वतीपर्यंत जातं. मी वरून ओरडले, अहो, भुयार नाही ते! कात्रजहून नळाचं पाणी यायचं हौदात, नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं. माणसं चालायची नाहीत त्यातून, पाणी चालायचं. सगळ्यांनी वर पाहिलं आणि फोटो काढला. माझा. गाऊनमध्ये. वॉकमधल्या एक बाई वर येऊन म्हणाल्या, "किती लकी आहात तुम्ही! आम्ही आपले बाणेरला काड्यापेटीत राहतो." मी म्हटलं, करूया का अदलाबदल, महिनाभर? तर हसल्या. सगळ्यांना वाटतं मी विनोदी आहे.

पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्याच्या भुताचा आवाज रेकॉर्ड करायला येणाऱ्यांबद्दल तर लिहितच नाही. एकदा त्यांनी आमच्या वाड्यातून आवाज आला म्हणून व्हिडिओ टाकला. आवाज खरा होता. मी सासूबाईंना जिन्यातून "सावकाश, सावकाश" म्हणत होते.

तर आजचे ते. मी परकर काढले नाहीत. म्हटलं, फ्रेम बदला. फोटोग्राफरने तोंड वाकडं केलं, पण बदलली. दोन मिनिटांचा दीड तास झाला. मुलीला हौदाच्या काठावर बसवलं, मुलाला खांबाआड उभं केलं, त्याने डोकावायचं, तिने लाजायचं. मग तिच्या हातात आमचंच सूप दिलं, पाखडायला, रिकामं. मग "काकू, जिन्यावर घेऊ का? काय भारी व्हाइब आहे!" घ्या म्हटलं. ती तीन पायऱ्या चढली आणि नऊवारीत पाय अडकून मट्कन खाली बसली. "बाप रे, तुम्ही रोज कशा चढता?" पहिला शहाणा प्रश्न. उत्तर द्यायच्या आत कॅमेरावाल्याने सांगितलं, तशीच बस, सुंदर दिसतंय, वर बघ.

सासूबाई वर दारात येऊन उभ्या होत्या. दोराला एक हात. मला म्हणाल्या, "झालं का गं त्यांचं? मला जायचंय."

जिना मोकळा करायला सांगितला. सगळे बाजूला झाले, बरं का, अदबीने. मी उलटी उतरले, त्या माझ्यामागे, तेरा पायऱ्या. पाचव्या पायरीवर क्लिक असा आवाज आला. मी वळले नाही, हात सोडता येत नव्हता. पण तोंड कुणी बांधलेलं नव्हतं. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोटो पुसला, माझ्यासमोर पुसला.

निघताना ती मुलगी माझ्याजवळ आली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, वॉशरूम कुठेय?"

मी बोट दाखवलं. चौक ओलांडून, हौदाला वळसा, परसात डावीकडे. आत सासूबाई आहेत, दुसऱ्यासमोर साळुंके काका नंबर लावून उभे आहेत, त्यांच्यामागे उभी राहा.

नथ सांभाळत गेली बिचारी. दोन मिनिटांत परत आली. "काकू, आत लाइट नाहीये."

"हो," म्हटलं, "नाहीये."